लसीची खोली

सोमवार ते बुधवार विट्याच्या पुढचं आरोग्य केंद्र,
गुरुवारपासून मिरजेचा मानसोपचार वॉर्ड.
दोन्हीकडे मी शिकाऊच.
लॉगबुकात दोन रकाने आहेत: शरीर, मन.
मधली रेघ मगदूम सरांनी स्वतः पट्टीनं मारलेली,
तरी थोडी वाकडी.

मिरजेत बोलायला खोली आहे. दोन खुर्च्या, दार लागतं.
इथं दार लागत नाही.
बाहेर बाकावर निम्मं गाव
आणि प्रत्येकाचा कान लांब.
सिस्टर मुल्लांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
"मॅडम, काही आतलं विचारायचं असंल
तर लसीच्या खोलीत न्या.
फ्रीज असा घरघरतो,
की बोलणाऱ्याचं बोलणं त्याच्या मांडीवरनं खाली उतरत नाही."

तिथं एक स्टूल, एक उलटी बादली.
बादलीवर मी.
भिंतीवरचं पोलिओचं बाळ
डोसासाठी तोंड उघडून कायम आमच्याकडं बघत.

मालन सूर्यवंशी, वय सेहेचाळीस.
नवरा सेलमला, गलाईच्या दुकानात.
दुसऱ्यांचं सोनं आटवतो, वर्षातनं एकदा जत्रेला येतो.
तक्रार: कानात भाता चालतो.
"मूस तापवत्यात न्हवं, तसं हुतंय बघा. हितं."
आणि 'हितं' म्हणताना हात कानाला नाही,
छातीला लावला.

रक्तदाब एकशे ऐंशी, एकशे दहा.
आठ महिने गोळ्या चालू.
रजिस्टरात दर महिन्याला सही, वळणदार.
गोळ्या घेता ना?
"घेती की. दर म्हैन्याला घिऊन जाती."

घरातल्या गोळ्या घेऊन या, असं मागच्या खेपेला मी सांगितलं होतं.
तिनं पिशवीतनं शेवयांचा डबा काढला.
आत गोळ्या,
पाकिटातनं एकेक सोडवलेल्या,
खडे काढून ठेवलेल्या शाळूसारख्या स्वच्छ.
मी मोजायला लागले.
शंभराच्या पुढं हात थांबला.

शरीराच्या रकान्यात याला नाव आहे:
उपचारात अनियमित.
ते लिहून पुढचा नंबर पुकारता आला असता.
बाहेर चौतीस जण होते.
पण त्या बुधवारात
गुरुवार आधीच येऊन बसला होता.

"मालनताई, साठवल्या कशासाठी?"

नेमका फ्रीज बंद पडला.
लाइट गेली.
अशी शांतता, की बाकावरचे सगळे कान
एकदम खोलीत आल्यासारखे.

बाहेर सिस्टर मुल्लांना ती ऐकू गेली असावी.
त्या मोठमोठ्यानं बाळांची वजनं पुकारू लागल्या:
"आरोही, नऊ किलो दोनशे!
शिवांश, रडू नको रे, दहा सहाशे!"

त्या आकड्यांच्या आडोशाला
मालन म्हणाली,
"असाव्यात म्हनलं हाताशी.
एकांदी रात लई लांब असती."

पुढचे प्रश्न मला क्रमानं पाठ आहेत.
विचारले. अडखळत. एक तर दोनदा.
तिनं सगळ्यांची उत्तरं दिली,
तोंडी परीक्षेला उभ्या मुलीसारखी,
मग मलाच विचारलं, "तुमची मिरजंची एस्टी चुकल न्हवं?"

चुकली.
डबा सिस्टरांच्या कपाटात, कुलपात गेला.
सात दिवसांच्याच गोळ्या, जावेच्या हातात.
रात्री सोबतीलाही जाऊच.
सेलमचा फोन चौथ्यांदा लागला.
मगदूम सर पलीकडून नुसते ऐकत राहिले,
शेवटी म्हणाले, "जेवलीस का?"

लॉगबुकात त्या दिवशी मी फक्त रक्तदाब लिहिला.

पुढच्या बुधवारी ती आली. जाऊ बाहेर बाकावर.
एकशे साठ, शंभर.
झोप: तुकड्यातुकड्यानं.
भाता: "हाय. पर लांब, दुसऱ्याच्या दुकानात असल्यागत."
मग पदर सावरत, जरा लाजून,
"आनि डाक्टर, ह्यो गुडघा लई ठणकतोय बघा."

गुडघा!
मी बादलीवरनं उठले, खाली बसले,
दोन्ही हातांत धरला तो.
इतक्या आनंदानं कुणी कुणाचा गुडघा
विट्याच्या पंचक्रोशीत तपासला नसेल.