वर्षाच्या बोलीवर

एक वर्ष, म्हणाला वान्नेस.
भाडं आगाऊ मोजलं,
माझ्या वरच्या दोन खोल्यांत पाच पेट्या चढवल्या
आणि एक घडीचा पाळणा.
मी मान डोलावली.
एक वर्ष म्हणजे किती, हे मी कशाला सांगू त्याला?
माझी ननुली एका वर्षासाठीच गेली होती बारीला,
तिथल्या कुणा म्हातारीचं औषधपाणी करायला,
आमच्या छपराचे पत्रे बदलण्यापुरती.
पत्रे बदलून झाले.
पुन्हा गंजलेही.

बेल्जियमची माणसं. उंच, उन्हाला बिचकणारी.
इमेरेतीतलं आमचं गाव
जॉर्जियाच्या नकाशावरसुद्धा शोधावं लागतं,
तिथे हे पोरंबाळं घेऊन आलेले.
वान्नेस दिवसभर गोगिताच्या भट्टीवर:
जमिनीत पुरायचे वाइनचे रांजण
आम्ही कसे थरावर थर चढवतो, ते वहीत उतरवायचा,
आणि संध्याकाळी स्वतःच लिंपलेला परत.
लीझलोट गॅलरीत बसून लॅपटॉपमधून
तिकडच्या मुलांना अपूर्णांक शिकवायची.

फेन्ना सहा वर्षांची.
पहिले दोन महिने शाळेतून आली की
फक्त माझ्या कोंबड्यांशी बोलायची, तिच्या भाषेत.
तिसऱ्या महिन्यात त्यांना आमच्या भाषेत शिव्या घालू लागली.
कुठून शिकली, ते मी कुणाला सांगितलं नाही.

सीबे दीड वर्षाचा. त्याचं निराळंच.
रात्री रडला की मामा, मामा.
आमच्याकडे मामा म्हणजे बाप.
पहिल्या रात्री मी खालून ओरडलो,
वान्नेस, ऊठ की, पोर तुला हाक मारतंय!
आणि वर पावलं वाजली ती लीझलोटची.
उन्हाळ्यापर्यंत पोराने घोळ निस्तरला,
आईला देदा म्हणू लागला, आमच्यासारखं.
पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं,
जणू तिच्या दोरीवरचं काहीतरी मी उचललं होतं.

जानेवारीत, नाताळला, बारीहून पार्सल आलं.
अकरावं.
कॉफी, तेल, आणि या खेपेला
न पाहिलेल्या पोरासाठी लोकरीचे मोजे.
फोनच्या काचेवर बोट टेकवून सीबे म्हणाला, बेबो.
आजी.
ननुलीने फोन वर वळवला.
बराच वेळ मी बारीतलं एक छत पाहत बसलो.
पांढरं. कोपऱ्यात ओल.

मला वाटलं होतं, मुक्काम वाढवतील.
वाढवतात माणसं.
आधी छप्पर, मग दात, मग भावाचं कर्ज,
मग नुसती सवय.
पण ऑक्टोबर आला आणि पाच पेट्या खाली उतरल्या.
पाळणा राहिला, सीबे त्यात मावत नव्हता.
म्हणजे असंही असतं तर:
तारीख सांगायची,
आणि त्या तारखेला निघायचं.

फेन्ना खुराड्यात जाऊन आली.
काय बोलली ठाऊक नाही, दार लावून बोलली.
सीबे गाडीतून मला ओरडला, उद्या ये!
महिन्याभरात विसरेल तो सगळं, लीझलोट म्हणाली,
ताप उतरेल म्हणावं तसं,
आणि मग तिने ओठ चावला.

विसरेल. एवढ्याशा पोरात जागा ती किती.
पण तोवर एखाद्या दुपारी
वान्नेसच्या आईच्या स्वयंपाकघरात
तो त्स्काली, त्स्काली करत बसेल,
आणि तिला कळणार नाही
की नातवाला तहान लागलीय.

रात्री ननुलीला फोन लावला.
गेले, म्हटलं.
वर्ष झालं?
झालं.
लवकर झालं, ती म्हणाली.
मागून म्हातारीने हाक दिली, इटालियनमध्ये,
आणि ननुलीने तिला उत्तर दिलं,
इतकं सहज,
की क्षणभर वाटलं ही तिथलीच कुणी बाई आहे
आणि मी
चुकीचा नंबर लावलाय.