हातसामान

तुझी आई हुक्केरीला, मावसबहिणीच्या बाळंतपणाला,
आणि तुझं विमान सकाळी सहा दहाचं.
अडीचचा गजर मी लावला
आणि वाजायच्या आधी मीच बंद केला.

उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर काढली,
सुताचा दहावा हिस्सा बोटाला कळतो माझ्या,
पण धपाट्याचं पीठ बीड नव्हे, पोलाद नव्हे.
पहिलं फाटलं.
दुसरं तव्याला धरून बसलं.
तिसऱ्याचा नकाशा झाला, कुठल्या राज्याचा ते विचारू नको.
फोनवर तुझी आई, कुजबुजत, बाळ उठेल म्हणून:
"ओल्या फडक्यावर थापा की. तेल बोटाला लावा, पिठाला नको.
मधे भोक पाडलंसा न्हवं?"
पाडलं बाई. भोकं पाडण्यातच जन्म गेला.

सहा जमली. तुला दोन पुरतात, ठाऊक आहे.
उरलेली शेजारच्या सीटला दे.
शेजाऱ्याला न विचारता खाणं आपल्यात नाही,
हैदराबादेत असेल तर तिथं उतरल्यावर शीक.

शेंगाची चटणी कागदात, कागद पिशवीत, पिशवी डब्यात,
तरी लसूण बाहेर आलाच.
रात्री नीलव्वानं कुंपणावरून शेंगाची होळगी दिली,
"वैजूग," म्हणाली, आणि पुढं काही नाही.
तिला मराठी येतं, मला कन्नड येतं,
त्या वेळी दोघांनाही दोन्ही येईनात.

कुंदा पातळ धरतात की घट्ट,
यावर आपली अर्धा तास वादावादी.
तू मोबाइलात नियम वाचत होतीस,
मी कुंद्यात चमचा उभा करून दाखवला.
राहिला उभा. विषय संपला.
दही मात्र गुपचूप घेतलं,
फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डबीत.

मुतग्याहून सांबरा ते किती? चालत गेलो असतो.
तरी सिद्राय रिक्षा घेऊन पावणेचारला दारात,
कानटोपीतून नुसते डोळे.
इतकी वर्षं विमानं आपल्या डोक्यावरून गेली
की कपडे वाळत घालताना वर बघायचंही सुटलं होतं.
लहान होतीस तेव्हा टाटा करायचीस.
एकदा विचारलंस, आतली माणसं जेवतात कुठं?
मी म्हणालो, खाली उतरून.

दारावरच्या पोलिसानं तिकीट बघितलं, तुझा चेहरा बघितला,
आणि पिशवीतून वर आलेल्या डबीकडं बोट केलं.
"इदेन री?"
"मोसरू."
"मोसरू नडियंगिल्ल री."
सूर असा, की त्यालाच वाईट वाटलं असावं.
चटणी? नडीतद. होळगी? नडीतद.
कुंद्याचं त्यानं विचारलं नाही, आपणही सांगितलं नाही.

तू डबी माझ्या हातात दिलीस.
तुला आत जायचं होतं, मला बाहेर थांबायचं होतं,
आणि आपण बोललो ते दह्याबद्दल.
"आंबट होईल बाबा, लगेच खा."
"खातो."
"खरंच खा."
"खातो म्हटलं की."

सिद्राय म्हणाला, थांबूया, उडू दे.
कुंपणाकडेला रिक्षा लावली. थंडी मरणाची.
फाटलेलं, धरून बसलेलं आणि तो नकाशा,
तिन्ही मी कागदात गुंडाळून आणली होती,
का, ते मलाही सांगता येणार नाही.
नकाशा सिद्रायला दिला.
त्यानं मधोमध मोडला, अर्धा मला परत केला.
दही गार होतं, अजून गोड होतं.

सहा दहाचं सहा पंचवीसला सुटलं.
आम्ही वर बघत चावत राहिलो.
हात करावा म्हटलं,
तर उजवा खरकटा, डाव्यात डबी.