दिवस

तिला दिवस गेलेत, हे मला
बायकांच्या कुजबुजीतून नाही, मस्टरवरून कळलं:
सोमवार, मंगळवार सलग खाडे,
मग गुरुवारी अर्धा.
रबाळे एमआयडीसी, पत्र्याचं ऑफिस,
मी ठेकेदाराचा कारकून.
तीनशे जणांचे दिवस माझ्या हातात,
निळ्या पेनाने.

वनमाला तायडे, पॅकिंग, दिघ्याहून चालत येते.
पाचव्या महिन्यात तिनं विचारलं, उभ्याउभ्याच,
"सर, बाळंतपणाची पगारी रजा आपल्याला असते ना?"
आपल्याला म्हणाली. माझ्यासकट.

असते. कायद्यात असते.
मागच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस भरले की
ठेक्यावरच्या बाईलाही असते.
म्हणूनच आमच्याकडे कुणाचे ऐंशी भरत नाहीत.
सत्तराव्या-बहात्तराव्या दिवशी
वरद सर्व्हिसेसचं न्यू वरद होतं,
न्यू वरदचं वरद असोसिएट्स, मेहुण्याच्या नावावर.
मशीन तेच, स्टूल तेच, चहाचा कानतुटका कप तोच,
फक्त गेटपासची दोरी निळीची हिरवी होते
आणि बाई पुन्हा पहिल्या दिवसाची.

मी काहीतरी पुटपुटलो.
तिनं वाद घातला नाही.
दुसऱ्या दिवशी घरचं कॅलेंडर घेऊन आली,
खिळ्याच्या भोकासकट.
दुधाचे खाडे लाल,
कामाचे दिवस निळे ठिपके,
ओव्हरटाइमच्या रात्री ठिपक्याला शेपूट.
आणि रबरात गुंडाळलेले तीन गेटपास:
नावं तीन, फोटो एकच, तोच वाकडा भांग.
"मोजा."
मोजले. दोनशे नऊ.
"मग भरले की माझे."
कागदावर नाही, मी म्हणालो.
तिनं पोटावर हात ठेवला.
"इथं तर भरत चाललेत, सर.
इथली पाटी कोण बदलणार मधेच?"

जुनी मस्टरं रद्दीत घाला,
साहेब दोनदा बोललेत.
चौदा किलो तरी भरतील.
संध्याकाळी कपाट उघडून
त्यातली तिची पानं शोधली. अक्षर माझंच,
तिच्या नावातला 'य' तिन्हीकडे चुकलेला.
नाक्यावर झेरॉक्स, दोन रुपये पान.
माझाही करार अकरा महिन्यांचा,
मार्चमध्ये संपतो.

घडी खिशात आहे.
उद्या आठला गेटवर दिसली तर देईन, म्हणतो.
तिचा खाडा नसावा, असं वाटतं.
असावा, असंही.