विषय क्रमांक सात

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
दांडिया बाजारात, होमिओपॅथीच्या दवाखान्यावरच्या खोलीत
आमच्या पेन्शन फंडाची कमिटी बसते.
कारखान्याला कुलूप लागून अकरा वर्षं झाली.
फंड चालू आहे.

मी चिटणीस. इतिवृत्त लिहितो.

विषय सात : सदस्यांना बैठकभत्ता,
खेपेला दोनशे रुपये.

शितोळे उसळले, "विधवांच्या ताटातले?
आपल्याच माणसांचं काम, त्याला मोल कसलं!"
रमणीकभाई बडोद्याच्या मराठीत म्हणाले,
"फुकट करणाऱ्याला हिशोब कोण पुछणार?
पैसा घेतला के माणूस बांधला."
फणसे झोपले होते.
(व्याजातली ती मोठी चूक त्यांनीच पकडली होती,
रात्री जागून, भिंग लावून.
म्हणून त्यांना कोणी उठवत नाही.)
गुप्ते अध्यक्ष. ते घड्याळाकडे बघत होते.

मी मागच्या पानावर भागाकार केला.
पाच सदस्य, बारा बैठका, सातशे एकतीस पेन्शनर :
माणशी महिन्याला एक रुपया सदतीस पैसे.
वाचून दाखवला.
आकडा इतका लहान निघाला
की भांडायला धरायलाच काही उरेना.

मग खानविलकरबाई. वाइंडिंग खात्यातल्या.
सहसा बोलत नाहीत.
"गोरव्याहून येते. जायला बावीस, यायला बावीस.
त्या दिवशीचे डबे बुडतात ते वेगळे.
सहा वर्षं मीच कमिटीला भत्ता देतेय.
एवढं लिहून घ्या."

लिहून घेतलं.

तेवढ्यात गुप्त्यांना नियम सापडला :
ज्याचा लाभ, त्यानं मत देऊ नये,
चर्चेच्या वेळी खोलीतही थांबू नये.
पाचही उठले. फणशांना हलवून उठवलं,
ते "मंजूर" म्हणाले आणि चपला शोधू लागले.
सगळे ओळीनं गॅलरीत.

आत मी, सात खुर्च्या, आणि पंखा.
गणपूर्तीचा प्रश्नच नव्हता.

बाहेर चहा आला होता.
पैसे कोण देणार यावर
विषय सातपेक्षा मोठा आवाज चढला.
"माझ्याकडून, माझ्याकडून," शितोळे,
आणि रमणीकभाई त्यांचा हात धरून ठेवत होते.
दाराच्या फटीतून बाई दिसत होत्या,
रुमालाची गाठ सोडून
परतीचे बावीस बाजूला काढत.

मी लिहिलं, 'विषय तहकूब.'
मग खोडलं,
आणि लिहिलं, 'सदस्य बाहेर आहेत.'