कोरडी बाजू

त्साबाँगच्या पश्चिमेला, एकसष्ट मीटर खाली,
गाओलाथेच्या ड्रिलनं चिखल वर फेकला
आणि त्या चिखलात एक मूळ.
सुतळीएवढं.
त्यानं चावून पाहिलं. मोत्लोपी.
झाड तीस पावलांवर उभं होतं,
शेळ्यांच्या तोंडाला येईल तिथवर
खालून सपाट कुरतडलेलं.

मालकानं आधी पाणाड्या आणला होता,
त्याची काठी भलतीकडेच झुकली.
मग विचारलं, मीटरला किती पुला?
पुला म्हणजे इथला पैसा,
आणि पुला म्हणजे पाऊस.

बिट बोथट झालं. नवं आणायला तो गाबोरोनला गेला,
मूळ ओल्या फडक्यात, खिशात.
भाची प्रयोगशाळेत असते, त्शेनोलो.
"मामा, हे मेलंय," ती म्हणाली, "जिवंत दाखवते."

काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये चवळीचं कोवळं मूळ.
डावीकडे ओल, उजवीकडे कोरड.
टोक डावीकडे वळलेलं,
कुणी हाक मारल्यासारखं.

"पाणी ओढतं त्याला."
"पाणी काहीच करत नाही, मामा.
उजवीकडे बघ. कोरड्या अंगाला
सायटोकायनिन जास्त साठतं,
तिथल्या पेशी भराभर वाढतात,
ती बाजू लांब होते,
म्हणून टोक ओलीकडे कलतं.
वळवते ती कोरडी बाजू."

तो बराच वेळ वाकून बघत राहिला.
चष्मा काचेला लागला.

"आणि मध्येच पोकळी आली तर? उंदराचं बीळ, भेग?"
"तर नवं मूळ फोडत नाही.
अ‍ॅब्सिसिक आम्ल पेशींमधली दारं लावून घेतं,
ऑक्झिनला आत येता येत नाही.
टोक तेवढं पुढं सरकत राहतं, एकटं.
ओल लागली की दारं उघडतात."
"नावं फार अवघड तुमची."
"तुमच्या ड्रिलच्या भागांची सोपी आहेत?"

तो हसला नाही. त्याला कांगजवळचं भोक आठवलं,
एकशे चाळीस मीटर, नुसती धूळ,
आणि त्याचे पैसे, जे अजून यायचेत.
त्या वर्षी तोही कुणाकडे गेला नव्हता,
लग्नाला नाही, मयताला नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात.
मूळ दुसरं काय करतं?
तहान लागते, आणि ज्या अंगानं लागते
त्याच अंगानं खणायला लागतं.

निघताना तिनं विचारलं, "ते ठेवून जातोस?"
त्यानं फडकं परत खिशात घातलं.

नव्या बिटनं पाणी चौऱ्याहत्तरला लागलं.
खारट. शेळ्यांपुरतं.
मालक नाक मुरडून हिशोब करत बसला.
गाओलाथे झाडाकडे बघत होता:
म्हणजे याला अजून तेरा मीटर जायचं होतं.
की हे केव्हाच पोचलंय,
दुसऱ्या कुठल्या वाटेनं,
गोड्यापाशी?