हरवलेलं नाही

ताम्पेरेच्या ट्राम डेपोमागे, जिन्याखालच्या खोलीत
मी लोकांचं विसरणं सांभाळते.
सुटे हातमोजे (डावेच जास्त, का ते विचारू नका),
छत्र्या, एक कवळी, आणि एकदा तर जिवंत कासव,
टोपलीत कोबीच्या पानासकट.
प्रत्येकाला क्रमांक, सुतळी, तारीख.
नव्वद दिवस वाट बघायची, मग लिलाव.

नोव्हेंबरात पहिलं पुस्तक आलं.
तीन नंबरच्या ट्राममधलं, खिडकीजवळच्या सीटवरचं.
आणणारी बाई धापा टाकत होती,
जणू पुस्तकाला ताप होता.
मी उघडलं. आत तिरक्या अक्षरात:
‘हरवलेलं नाही.
माझं वाचून झालं. आता तुमचं होऊ दे.’
बाईला दाखवलं.
तिनं चष्मा पुसून दोनदा वाचलं, म्हणाली,
"असू दे. पण नोंद करा."

आमच्याकडे हे असंच.
बर्फात पडलेला मोजासुद्धा कुणीतरी उचलून
कुंपणाच्या खुंटीवर अडकवतं,
धन्याला लांबून दिसावा म्हणून.

मग हिवाळाभर येतच राहिली.
मंडईतल्या बाकावरून, सॉसेजच्या वासाची.
दवाखान्याच्या रांगेतून.
तळ्याकाठच्या सौनातून एक आलं,
पानं पुरीसारखी फुगलेली, मध्ये बर्चचं पान.
देणारा एकच, अक्षर तेच,
आणि परत आणणारे अख्खं गाव.
प्रामाणिकपणाचा इतका राग
मला आयुष्यात आला नव्हता.

वस्तू: पुस्तक. रंग: निळा. स्थिती: बरी.
मालक:
इथं पेन अडायचं.
‘अज्ञात’ लिहावं, तर तो मालक राहिलाच नव्हता.
‘तुम्ही’ असं लिहायला रकान्यात जागा होती,
पण साहेब सही करतात दर शुक्रवारी.

शेवटच्या पानावर मात्र एक गंमत असायची.
पेन्सिलीनं, बारीक: पहाटे ३.४०.
दुसऱ्यात: पहाटे ४.१५.
या वेळेला कोण पुस्तक संपवतं?
बेकरीवाला? ठणकणारा गुडघा?
रडून रडून झोपलेल्या बाळाची आई?
बाहेर तेव्हा काळोख असा,
की खिडकीला काच आहे हे हात लावल्यावर कळावं.

फेब्रुवारीत एक ठेवून घेतलं. म्हणजे, जेवणाच्या सुट्टीपुरतं.
मधमाश्या पाळण्याविषयीचं.
माझ्याकडे माशी नाही, बाल्कनी नाही.
अकरा दिवस, राईच्या पावाचे तुकडे झटकत,
शेवटपर्यंत गेले.
३.४० च्या खाली लिहिलं: दुपारी १२.५५.
हात थोडा कापला. सरकारी मालमत्ता नव्हे, तरी.
संध्याकाळी तीन नंबरच्या ट्राममध्ये
उलट्या तोंडाच्या सीटवर ठेवलं
आणि एक थांबा आधीच उतरले.

तिसऱ्या दिवशी काउंटरवर पुन्हा तेच पुस्तक.
मागे हॉकीची काठी, तिच्यामागे दहा वर्षांचा मुलगा.
"कुणाचं तरी राहिलंय."
नाव? ओन्नी.
मी पुस्तक उघडून तिरकी अक्षरं त्याच्याकडे फिरवली.
त्याचे कान लाल.
"वाचलं ते. पण मला वाटलं, ते दुसऱ्या कुणाला म्हणालेत.
राणी माशी मेल्यावर काय करतात
तेवढंच बघितलं. चार थांबे पुढे गेलो."

पेन्सिल पुढे केली. वेळ लिही, म्हटलं.
तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.
"पण माझं झालं नाही अजून."
मग, खालच्या आवाजात:
"नेऊ का? परत आणून देईन."
परत आणू नकोस, मी म्हणाले.

तो असा दचकला, जसं मी त्याला
चोरीच शिकवत होते.
पुस्तक जॅकेटच्या आत कोंबलं, चेन गळ्यापर्यंत ओढली,
आणि मागे न बघता ट्रामकडे पळाला.

काउंटरवर त्याचा हातमोजा.
डावा.
मी सुतळी शोधू लागले.