येताय तर, शकूताई

शकूताई, पहाटेच्या गाडीने नाशिकरोडला उतरा,
आणि रविवार टाळा.
रविवारी तिथे पाण्यापेक्षा माणसं जास्त असतात.
मंगळवारी या. ह्यांना शिफ्ट बदलून घ्यायला लावलीय.

मिसळ खायची ती परतताना.
मागच्या वर्षी आधी खाल्ली, आणि तिसऱ्या वळणावर
आमच्या ओजसने ती सगळ्यांना वाटली.
सकाळी दडपे पोहे, केळं, बास.
आत डबा नेऊ देत नाहीत. गेटवरचा मुलगा
पिशवीत हात घालतो, पण
डायपरच्या खाली बघत नाही.
हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन लागतं.
तिथे भाड्याने मिळतं, पण त्याला
आधीच्या माणसाचा उन्हाळा लागलेला असतो.
मेनरोडवरून आणून ठेवते, मापं कळवा.
खरी मापं कळवा.

मंगळसूत्र, पाटल्या घरी.
मुलांच्या दंडावर बॉलपेनने फोन नंबर लिहायचा,
माझा लिहा, भावजी उचलत नाहीत,
आणि वरून बिनरंगाचं नेलपॉलिश फिरवायचं,
नाहीतर पहिल्या डुबकीत पोर बेवारस.
हरवलं कुणी, तर सोंड गळणाऱ्या हत्तीपाशी यायचं.
"गेटवर भेटू" म्हणू नका. गेटं तीन आहेत.
आम्ही तिघं तीन गेटांवर पाऊण तास
एकमेकांच्या नावाने बोटं मोडत उभे होतो.

लाटांच्या हौदाचा भोंगा वाजला
की सगळे आत धावतात.
आपण नाशिकचे लोक, पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो,
पाय, गुडघे, कंबर.
रेवाला तेच शिकवलंय: तूच मारुती,
कंबर बुडाली की मागे फिर.
भावजींना सांगून उपयोग नाही.

आणि पिशव्या.
प्रत्येक घरातलं एक माणूस पिशव्यांपाशी बसतं.
चार वर्षं मी बसले. छत्रीखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत,
सात जणांच्या चपला, चार चष्मे,
मामंजींची कवळी स्टीलच्या डबीत.
"तू ये ना," म्हणतात सगळे, ओले,
आणि उत्तराआधीच पळतात.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या खुर्चीत
मालेगावची एक बाई होती. तिच्याकडे नऊ जणांच्या चपला.
दुपारभर आम्ही शेंगदाणे खाल्ले, बोललो नाही फारसं.
चार वाजता ती म्हणाली,
"तुम्ही जा आधी. मी बघते."

एकशे बारा पायऱ्या आहेत, शकूताई,
मोजल्या, कारण दर दहा पायऱ्यांवर परत फिरणार होते.
वरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो,
हायवेवरचे कांद्याचे ट्रक,
आणि खाली माझी रिकामी खुर्ची,
नखाएवढी.
शिट्टीवाला मुलगा म्हणाला, काकू, हात छातीवर घ्या.
पुढचं मला सांगता येत नाही.
ओरडले, एवढं खरं. खाली आले तेव्हा
नाकात पाणी होतं आणि हसू थांबत नव्हतं,
आणि ह्यांनी मला लगेच ओळखलं नाही.

मग मी बसले, ती गेली.
नाव विचारायचं राहिलं.

म्हणून यंदा लॉकर दोन घ्यायचे.
भावजी म्हणतील, कशाला उगाच पैसे?
म्हणू देत. किल्ली रबरी असते, निळी,
मनगटाला बसते, बांगडीपेक्षा हलकी.

आदल्या रात्री केसांना तेल लावा,
तिथल्या पाण्याने झाडू होतो केसांचा.
टॉवेल चार आणा, दोन माझे.
मोठी घसरगुंडी दहाच्या आत उरकायची,
नंतर रांग हत्तीपर्यंत येते.
पायऱ्यांवर मी पुढे, तुम्ही मागे,
आणि गुडघ्याचं कारण सांगू नका,
दिवाळीत फुगडी घालताना पाहिलंय मी तुम्हाला.

मापं अजून आली नाहीत.